चार घरांच्या चार समांतर रेषा

बैठकीत आवाज चढले की काटकोनराव हाताशी लागेल ती वस्तू सरळ करायला लागत. त्या रविवारी सेक्रेटरींच्या चष्म्याचा डबा, हजेरीचं रजिस्टर आणि दातवाल्या डॉक्टरांच्या गाडीची किल्ली अशा तिन्ही वस्तू त्यांनी टेबलाच्या कडेला ओळीत निजवून ठेवल्या होत्या. यावरून भांडण किती रंगलं असेल, ते ओळखावं.

काटकोनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते इमारतीनं ठेवलेलं, आणि त्यांनी स्वकष्टानं कमावलेलं. कुणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत आणि मग "काय, बरं आहे ना?" असं विचारत. विम्याच्या कचेरीत आलेले अर्ज तपासायचं त्यांचं काम. अर्जदार हयात आहे की नाही यापेक्षा त्यानं समास सोडलाय की नाही, इकडे त्यांचं लक्ष जास्त. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे, कारण नेमक्या त्या क्षणी ते फोटोग्राफरला "कॅमेरा डावीकडे झुकलाय" असं सांगत होते. बायकोनं तो फोटो कपाटाच्या दाराला आतून लावलाय, तोही मुद्दाम वाकडा.

तर भांडण गाड्यांचं होतं. इमारतीत एकावर एक चार घरं, घरटी एक गाडी, आणि सगळ्यांत मिळून अंगण मात्र एकच. सर्वांत वरच्या, चार नंबरच्या घरातले बँकवाले सकाळी सगळ्यांच्या आधी निघत, आणि त्यांच्या गाडीमागे तीन नंबरच्या डॉक्टरांची गाडी हटकून आडवी उभी असे. डॉक्टरांचा दवाखाना घरातच. बँकवाल्यांनी हॉर्न वाजवला की डॉक्टर पेशंटला "तोंड असंच उघडं ठेवा हं" असं बजावून जिने उतरत, गाडी काढत आणि धापा टाकत पुन्हा वर जात. दातदुखीसाठी एवढे जिने चढून येणारे पेशंट मुळातच चिवट, त्यामुळे ते बिचारे तसेच तोंड उघडं ठेवून बसून राहत. पण डॉक्टरांचा जीव आता मेटाकुटीला आला होता.

"अंगणात चौकोनी फरश्या आहेत," काटकोनराव किल्लीचं टोक बोटानं सारखं करत म्हणाले. "भिंतीपासून तिरक्या रेषा आखू. प्रत्येक घराला एक रेषा. सगळ्या एकमेकींना समांतर. आपापल्या रेषेला धरून गाडी लावायची. मग कुणी कुणाच्या मागे नाही आणि पुढेही नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सोसायटीच्या बैठकीत कुणी शहाणपणाचं बोललं की पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. शेवटी सेक्रेटरींनी घसा साफ केला. सेक्रेटरी एक नंबरच्या घरात राहत. उभी हयात त्यांनी दस्त नोंदवण्याच्या कचेरीत काढली होती आणि निवृत्त झाल्यावर कचेरीच घरी आणली होती.

"समांतर," ते म्हणाले. "हा शब्द ठरावात जाणार. एकदा गेला की गेला. उद्या कुणी हरकत घेतली की या रेषा समांतर नाहीत, तर सोसायटीकडे पुरावा काय?"

"डोळ्यांना दिसेल की."

"डोळ्यांना दिसलेलं इतिवृत्तात लिहिता येत नाही, काटकोनराव. कागद लागतो."

"कागदावर समीकरणं देतो ना," काटकोनराव म्हणाले. म्हणजे ते तोंडातून निसटलंच. पण एकदा निसटल्यावर त्यांना ते फार आवडलं. "प्रत्येक फरशी म्हणजे आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन. फाटकाजवळचा कोपरा म्हणजे शून्य. भिंतीच्या कडेनं मोजायचं ते क्ष, भिंतीपासून इमारतीकडे मोजायचं ते य. चार रेषा, चार समीकरणं. चढ सारखा असला की रेषा समांतर. गणितानं सिद्ध झालेलं कोण खोडणार?"

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर एकाएकी तरुणपण आलं. ज्या कागदावर कुणाचीही हरकत चालत नाही असा कागद त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळणार होता. ठराव एकमतानं मंजूर झाला.

आता समीकरणं काटकोनरावांच्या तोंडात आली कशी, ते सांगायला हवं. त्यांची लेक नववीत होती आणि गणितात गटांगळ्या खात होती. सहामाहीत ती याच धड्यात बुडाली होती: रेषांची समीकरणं, त्यांचा चढ, समांतर रेषा. शाळेनं फेरपरीक्षा ठेवली होती ती पुढल्या आठवड्याच्या सोमवारी. बैठकीच्या आदल्या संध्याकाळीच तिनं वही मिटून, एकदम शांतपणे जाहीर केलं होतं, "बाबा, मी पुढे गणित सोडून देते. मला नाही येत. काही जणांना नसतंच येत." ती रडली असती तर काटकोनरावांनी समजूत घातली असती. पण ती शांत होती आणि शांत पोरीची समजूत कशी घालायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोर एवढीशी आणि तिनं स्वतःवर शिक्का मारूनही टाकला होता. अंगणातच गणित मांडून दाखवलं, रोज येता-जाता पायाखाली दिसलं, तर तिची भीती जाईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. गाड्यांची सोय हे त्या मानानं दुय्यम काम होतं, फक्त हे बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं.

बैठक संपली तरी सूचना संपल्या नव्हत्या. बँकवाले जिन्यात गाठून म्हणाले, "ते समीकरण वगैरे ठीक आहे हो, पण त्यातलं माझं कुठलं हे कसं ओळखायचं? आमच्याकडे खात्याला नंबर असतो." डॉक्टरांनाही ते पटलं. "प्रत्येकाच्या समीकरणात त्याच्या घराचा नंबर घाला. नाहीतर हे सकाळी माझ्या समीकरणावर गाडी उभी करतील." सेक्रेटरींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं की नंबर असेल तर तो ठळक असावा. बँकवाल्यांना सर्वांत आधी निघायचं असल्यामुळे त्यांची रेषा फाटकाजवळ घ्यायची, मग तीन नंबर, मग दोन, म्हणजे काटकोनराव, आणि शेवटी एक नंबर, म्हणजे सेक्रेटरी, असंही त्याच जिन्यात ठरून गेलं.

काटकोनराव जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. शेजारी लेक. समोर बायको शेंगा सोलत होती आणि सालं कागदावर उडू नयेत म्हणून काटकोनराव दर मिनिटाला कागद सरकवत होते.

"हे बघ बेटा, चढ म्हणजे क्षच्या आधीचा आकडा. हे मला शाळेपासून पाठ आहे. तो सगळीकडे दोन ठेवू. म्हणजे झाल्या रेषा समांतर! आता सगळंच सारखं ठेवलं तर पेंटर एकाच रेषेवर चार वेळा रंग मारेल. म्हणून उरलेले आकडे बदलायचे. यच्या आधी ज्याच्या त्याच्या घराचा नंबर टाकू, सगळे खूश. आणि उजवीकडचा आकडा असा ठेवू की भिंतीपाशी दर दहा फरश्यांवर एक रेषा सुरू होईल."

आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिलं:

२क्ष − ४य = १०
२क्ष − ३य = ३०
२क्ष − २य = ५०
२क्ष − य = ७०

दिसायला ते इतकं देखणं होतं की काटकोनराव कागद लांब धरून बघत राहिले. चारी ओळींत दोन एकाखाली एक उभे. घरांचे नंबर वरून खाली उतरत गेलेले. यच्या आधी एक लिहायची पद्धत नसते म्हणून सेक्रेटरींचा एक तेवढा दिसत नव्हता, त्यावर पुढे सेक्रेटरींनी लेखी नाराजी नोंदवली, पण ते असो.

लेक पेन्सिल चावत होती. "बाबा, पण आमच्या बाई म्हणतात, आधी यला एकटं करायचं. मग चढ बघायचा."

"एकटं कशाला करायचं बिचाऱ्याला?"

"म्हणजे... मी करून बघितलं तर पहिल्या रेषेचा चढ दोन नाही येत. अर्धा येतो."

"हे बघ, घाईघाईत चुकतेस तू. दोन समोर दिसतोय ना ढळढळीत? मग अर्धा कुठून आणलास?"

लेकीनं स्वतःच्या वहीकडे बघितलं, बाबांच्या कागदाकडे बघितलं. कागदावर अक्षर फारच सुंदर होतं. तिनं खोडरबर घेतला आणि आपलं उत्तर खोडलं.

"तिचं ऐकून तरी घ्यायचं," बायको शेंगांवरची नजर न उचलता म्हणाली.

"ऐकलं की! ऐकूनच सांगतोय," काटकोनराव म्हणाले, आणि त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

कागद सूचनाफलकावर लागला. ज्यांना हरकत असेल त्यांनी ती नोंदवावी, असं खाली सेक्रेटरींनी लिहिलं. बँकवाल्यांनी चारी ओळी बोटानं तपासल्या, चारी दोन मोजले आणि सही केली. डॉक्टरांनी, सगळे दोन एका रेषेत आहेत, वरचा खालचा कुठे पुढे आलेला नाही, असं सवयीनं बघितलं आणि सही केली. सेक्रेटरींनी सही करून वर शिक्काही मारला. एवढी शिकली-सवरलेली माणसं, पण यला एकटं करून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. कागदावर शिक्का होता ना!

पेंटर आणला तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा, अक्षरासाठी नावाजलेला. काटकोनरावांनी त्याला काम समजावलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"नुसत्या रेषा? अक्षर एकही नाही?"

"रेषाच हव्यात."

"खाली 'कृपया' तरी टाकू? माझा कृ बघायला लोक लांबून येतात."

शेवटी प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला घराचा नंबर काढायची परवानगी देऊन त्याचं समाधान केलं. काटकोनरावांनी शुक्रवारी स्वतः ओणवं होऊन, फरश्या मोजून, प्रत्येक रेषेसाठी खडूचे दोन दोन ठिपके केले. एक भिंतीपाशी, एक भिंतीपासून दोन फरश्या आत. समीकरणात किमती घालून दोन ठिपके काढले की रेषा नक्की होते, आणि त्यांच्या कमरेनं दोन फरश्यांच्या पलीकडे जायला साफ नकार दिला होता. पुढे काय, पेंटरनं दोरी धरून दोन ठिपक्यांतून सरळ ओढत न्यायची, भिंतीपासून वीस फरश्यांपर्यंत. शनिवारी काटकोनरावांची कचेरी होती, आणि बाकीच्यांनीही गाड्या बाहेर काढून ठेवल्या. अंगण पेंटरच्या ताब्यात गेलं.

शनिवारी संध्याकाळी काटकोनराव फाटकातून आत शिरले आणि हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली.

रेषा भिंतीपाशी छान निघाल्या होत्या. दर दहा फरश्यांवर एक, वर छाया दिलेला गोंडस नंबर. पण बँकवाल्यांची रेषा जी निघाली ती आडवीच पडत पडत सगळं अंगण ओलांडून गेली होती. डॉक्टरांची जरा कमी आडवी. काटकोनरावांची स्वतःची मधल्यामध्ये. सेक्रेटरींची तेवढी ताठ. आणि चारी रेषा जवळ जवळ येत, अंगणात एका फरशीवर येऊन एकमेकींना चक्क भेटल्या होत्या. तीच फरशी, जिच्यावर सेक्रेटरी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसत.

सेक्रेटरी तिथे बसलेलेच होते. चारी घरांच्या रेषा त्यांच्या पायाशी येऊन संपत होत्या आणि खरं सांगायचं तर ती व्यवस्था त्यांना तितकीशी वाईट वाटत नव्हती.

"कागदाप्रमाणे समांतर आहेत," ते म्हणाले. "पण प्रत्यक्षात जरा एकत्र आल्यासारख्या वाटतात."

तेवढ्यात बँकवाले आले. आपल्या रेषेला धरून गाडी लावायची या ठरावाचं त्यांनी तंतोतंत पालन केलं, त्यामुळे त्यांची गाडी अंगणात जवळपास आडवी झाली. त्यामागून डॉक्टर आले. भिंतीपाशी त्यांना भरपूर जागा होती, पण तिथवर जायचं तोंड इतकं अरुंद की गाडीचे दोन्ही आरसे मिटूनही काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी हॉर्न वाजवला. बँकवाल्यांनीही वाजवला. वर गॅलरीत एक पेशंट उघड्या तोंडानं खाली बघत होता, आणि या वेळी तोंड त्यानं आपण होऊन उघडलं होतं.

"त्या पेंटरनं घोळ घातलाय!" काटकोनराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता. मग ते खडूच्या खुणा शोधायला ओणवे झाले. रंगाच्या कडेला ठिपके अजून दिसत होते. त्यांनी फरश्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. पेंटरची दोरी कुठेही केसभरसुद्धा हललेली नव्हती. प्रत्येक रेषा त्यांच्याच ठिपक्यांतून, त्यांच्याच समीकरणांप्रमाणे, शिस्तीत चालत गेली होती. मान वर केली तर दोन नंबरच्या, आपल्याच घराच्या खिडकीत लेक उभी दिसली. ती सगळं बघत होती. काटकोनरावांनी तिच्याकडे बघून उगाच हात हलवला.

त्या संध्याकाळी ते दोनदा खिडकीपाशी जाऊन अंगण बघून आले. कचेरीत आयुष्यभर लोकांच्या चुकांवर लाल शाई फिरवलेली. आता स्वतःची चूक अख्ख्या अंगणात पांढऱ्या रंगानं काढलेली, आणि पेंटरनं रंग चांगल्यापैकी टिकाऊ वापरला होता. बायकोनं ताटात काय वाढलं याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. समीकरणात नक्की काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं आणि कुणाला विचारायचं तर जीभ उचलत नव्हती.

रविवारी सकाळी सगळी इमारत अंगणात जमली. पेंटरलाही बोलावून घेतलं होतं. सेक्रेटरी ठरावाचा मसुदा तयार करूनच उतरले होते.

"विषय सरळ आहे," ते म्हणाले. "समीकरणं सोसायटीनं मंजूर केलेली आहेत. त्यावर सर्वांच्या सह्या आहेत, शिक्का आहे. तेव्हा समीकरणं चुकीची असू शकत नाहीत. चूक पेंटरची. त्यानं सगळं पुसून पुन्हा करून द्यावं. काटकोनराव, आपण सूचक व्हा."

"अगदी बरोबर," बँकवाले म्हणाले, कारण त्यांचीही सही होती.

"माझी दोरी सरळ आहे," पेंटर म्हणाला. "ठिपके तुमचे, दोरी माझी. हवं तर नंबर बघा, एकातही खोट काढून दाखवा." आणि तो खरंच आपल्या 'चार' या आकड्याकडे प्रेमानं बघत राहिला.

काटकोनरावांपुढे वाट मोकळी होती. फक्त "सूचक" म्हणायचं, झालं. नाव राहत होतं, कागद राहत होता, इमारतीत कुणी हसणार नव्हतं. पेंटर चार दिवस कुरकुरला असता. काटकोनरावांनी तोंड उघडलंही.

तेवढ्यात लेक त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. हातात वही. तिनं हळूच विचारलं, "बाबा, म्हणजे समीकरणं बरोबर आहेत ना? उद्या मी तसंच लिहू ना? क्षच्या आधीचा आकडा म्हणजे चढ?"

काटकोनरावांचं तोंड उघडंच राहिलं. पोरीनं किती विश्वासानं विचारलं होतं! स्वतःचं बरोबर उत्तर खोडून ती बाबांचं चुकीचं उत्तर उद्याच्या पेपरात उतरवणार होती, आणि नापास झाली की म्हणणार होती, काही जणांना नसतंच येत. तेही शांतपणे. त्या शांतपणाचीच काटकोनरावांना सगळ्यांत जास्त भीती वाटली. इमारतीच्या हसण्याची भीती त्यापुढे अगदीच किरकोळ निघाली.

"नाही," ते म्हणाले. मग घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेंटरचं काही चुकलेलं नाही. मी काल ठिपके तपासलेत. समीकरणं चुकली. माझी."

सेक्रेटरींच्या हातातला मसुदा खाली आला. "पण शिक्का..."

"शिक्का मारल्यानं रेषा वळत नाही हो, सेक्रेटरी. आणि हिनं मला त्या दिवशीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. बेटा, काय म्हणत होतीस तू? यला एकटं करायचं म्हणजे काय करायचं? मला खरंच कळलेलं नाही. सांग."

लेक लाजली. आधी वहीत तोंड घालून पुटपुटली. "मोठ्यानं सांग, मागे ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले, जरी त्यांच्या मागे फक्त भिंत होती. मग तिनं खडू घेतला आणि सेक्रेटरींच्या खुर्चीसमोरच्या फरशीवर उकिडवी बसली.

"हे चार नंबरचं. २क्ष − ४य = १०. यात यच्या गळ्यात चार आहे ना, त्यामुळे क्षच्या आधीचा दोन हा खरा चढ नाही. म्हणून ४य एकीकडे, बाकी दुसरीकडे. ४य = २क्ष − १०. आता सगळ्याला चारनं भागायचं. मग य एकटा राहतो आणि क्षच्या आधी राहतो दोन भागिले चार, म्हणजे अर्धा. म्हणजे दोन फरश्या पुढे गेलं की एकच फरशी वर. म्हणून काकांची रेषा झोपलीय."

"झोपलीय खरी," बँकवाले म्हणाले.

"डॉक्टरकाकांची दोन भागिले तीन. आमची दोन भागिले दोन, म्हणजे एक. सेक्रेटरीआजोबांची दोन भागिले एक, म्हणजे दोन. चारी चढ वेगळे, म्हणून कुठलीच रेषा दुसरीला समांतर नाही." बोलता बोलता तिचा आवाज कधी मोठा झाला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"म्हणजे माझी बरोबर आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"एकटी रेषा समांतर नसते, आजोबा. दुसरी लागते."

सगळे हसले. सेक्रेटरीही हसले, पण जरा उशिरा.

"मग आता घरांचे नंबर काढून टाकायचे का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा तीन जाणार याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

लेक थांबली. खडू हनुवटीला लावला. काटकोनरावांना मदत करायची अनावर इच्छा झाली आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. तिनं एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. मग एकदम म्हणाली, "नको काढायला! नंबर ठेवू. पण यच्या आधी जो नंबर, त्याच्या दुप्पट आकडा क्षच्या आधी ठेवायचा. मग भागलं की प्रत्येक वेळी दोनच येणार." आणि तिनं फरशीवर सरसर लिहिलं:

८क्ष − ४य = ४०
६क्ष − ३य = ९०
४क्ष − २य = १००
२क्ष − य = ७०

"सुरुवात त्याच फरश्यांवर होते. मी बघितलं. आणि दुसरं टोकही आता दर दहा फरश्यांवरच येतं."

सेक्रेटरींनी वाकून ते वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या. "हे मला मंजूर करता येणार नाही. आधीच्या कागदावर निदान सगळीकडे दोन तरी होते. यात आठ काय, सहा काय, कशाचा कशाला मेळ नाही. यांना समांतर कोण म्हणेल?"

"कागदाकडे नका बघू आजोबा, भागून बघा."

सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मसुद्याच्या पाठीवर भागाकार सुरू केला. आठ भागिले चार. सहा भागिले तीन. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती आणि सगळी इमारत त्यांच्या ओठांकडे बघत होती. चौथ्या वेळी दोन आल्यावर त्यांनी चष्मा काढला. "दोन," ते म्हणाले. "चारीही दोन." मग ठेवणीतल्या आवाजात, "काटकोनराव, आपल्या कन्येला सूचक करून घेतो."

पेंटरनं डबा उघडला. सेक्रेटरींची रेषा तशीच राहिली, बाकीच्या तीन पुसून नव्यानं निघाल्या. या वेळी ठिपके लेकीनं केले आणि तेही वीस फरश्या लांब जाऊन. काटकोनराव नुसते दोरीचं एक टोक धरून उभे होते. बँकवाले येता-जाता त्यांच्या खांद्यावर थाप मारून "काय हो, अर्धा की दोन?" असं विचारत होते. पुढे बरेच दिवस ते तसं विचारत राहणार होते, आणि काटकोनरावांना त्याची कल्पनाही होती. त्यांना लागलं नाही असं नाही. चांगलंच लागलं. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला लेक उभी होती आणि "बाबा, जरा उजवीकडे... नाही, तुमच्या उजवीकडे!" असं दहा माणसांदेखत ओरडत होती, आणि त्यांना वाटत होतं, ओरडू दे, दिवसभर ओरडू दे.

सोमवारी त्यांनी अर्धा दिवस रजा काढली. गाडी पुसायचं निमित्त करून ते अंगणात उभे राहिले आणि एकच काच पुसत बसले. लेक फाटकातून आली. दप्तर एका खांद्यावर, चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही.

"समांतर रेषांचं आलं होतं?"

"आलं होतं. बरोबर सुटलं."

"शाबास! आणि बाकीचं?"

"बाकीचं आलं. एक राहिलं. शेवटचं. अर्ध्यात अडकले." तिनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. काटकोनरावांचा फडक्यावरचा हात थांबला. आता ती तेच वाक्य म्हणणार, असं त्यांना वाटलं. पण ती म्हणाली, "घरी जाऊन सोडवणार आहे. ते मला आत्ता सोडवायचंय."

"कुठलं होतं? बघू, मला वाटतं त्यात असं करायचं असतं की..."

"बाबा."

"हं."

"तुम्ही काही सांगायचं नाही. फक्त शेजारी बसा."

काटकोनराव फडकं गाडीवरच टाकून तिच्यामागून जिना चढले आणि तिच्या शेजारी बसले. ती सोडवत होती त्यातलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं. पण जेवायची हाक दोनदा येऊन गेली तरी ते जागचे हलले नाहीत.